ट्रेमधली पुतळी

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं शिरूर कासारला यावं, बसस्टँडमागच्या गल्लीत वनमालाचं घर विचारावं आणि तिच्या गळ्यात काय आहे ते बघावं.

फक्त हात लावू नये.

गेल्या संक्रांतीनंतरचे दिवस. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. जे झालं ते भर दुपारी झालं. निम्मी गल्ली ऊस तोडायला गेलेली, दारांना कुलपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही...

वनमालाचा नवरा अंगद दूरच्या शहरात विमानतळावर कामाला. माणसं विमानात बसायच्या आधी त्यांच्या बॅगा ज्या मशीनमधून जातात, तिथं. पट्टा, मोबाईल, अंगावरचं सोनंनाणं, सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायला लावायचं, हे त्याचं काम. नोकरी ठेकेदाराची, पण गणवेश कडक इस्त्रीचा. अख्ख्या गल्लीत तसा गणवेश दुसरा नव्हता.

सोनं मात्र साखराबाईच्या गळ्यात होतं.

साखराबाई वनमालाची थोरली जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. यंदा गुडघे धरले म्हणून ऊसतोडीला न जाता मागं राहिली होती. आयुष्यभर कोयता चालवून तिनं एक गंठण केलं होतं, आणि पाण्याला निघाली तरी ते दिसेल असा पदर घ्यायची.

"इमानतळावर नवरा," ती हसून म्हणायची, "अन् गळ्यात काळी पोतच व्हय गं?"

वनमाला ते फोनवर जसंच्या तसं अंगदला ऐकवायची. एकदा नाही, रोज.

संक्रांतीला अंगद आला आणि त्यानं तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. लाल दोऱ्यात ओवलेली सोन्याची पुतळी. पातळ पत्र्यावर ठोकून काढलेली नखाएवढी बाई.

"कुठनं आणली?"

"ट्रेमधनं. एका बाईनं काढून ठेवली अन् घाईत इसरली. त्या कोपऱ्यात कॅमेरा पोचत न्हाई."

"चोरी म्हंत्यात याला."

"मग दिऊ माघारी?"

वनमालानं मूठ मिटली.

दुसऱ्या दिवशी साखराबाईनं पुतळी निरखून बघितली. तिचा चेहरा बदलला.

"ही कोणती देवी म्हणायची? देवीच्या हातात काहीतरी असतंय. हिचे हात तर मोकळेच..."

"जळू नका, बाई," वनमाला म्हणाली.

साखराबाई आपल्या घरात निघून गेली. वनमालाला त्या रात्री फार छान झोप लागली.

अंगद कामावर परतला. आणि मग सुरू झालं...

आधी भाकरी. वनमाला ताट वाढून पाणी घ्यायला उठायची. परत येऊन बघते, तर भाकरीचा एक घास मोडलेला.

घरात दुसरं कोणी नव्हतं. मांजरही नव्हतं.

मग साडी. अंगदनं आणलेली नवी साडी तिनं अजून नेसली नव्हती. एका दुपारी पेटी उघडली, तर घडी मोडलेली. कमरेपाशी निऱ्यांच्या चुण्या. तिनं हात लावला...

कापड उबदार होतं.

मग आवाज. फरशीवर जोडव्यांचा. टक... टक... चुलीपासून दारापर्यंत. वनमालानं आपल्या पायांकडं बघितलं. ती तर बसलेली होती.

तिनं पुतळी काढून ठेवायचं ठरवलं. पण विहिरीवर साखराबाईचं गंठण उन्हात चमकताना दिसलं, आणि दोऱ्याकडं गेलेला हात खाली आला.

त्या आठवड्यात अंगदचा फोन आला.

"दुपारी लई गोड बोललीस गं. अशी कधी बोलत न्हाईस."

"मी कधी बोलले?"

"आत्ता बारा वाजता! 'जेवलात का' म्हणून इचारलंस की."

वनमालानं फोन केलाच नव्हता.

आठवड्यानं तो रजेवर आला. जेवायला बसला आणि सहज बोलून गेला, "बायना, पाणी दे."

वनमालाच्या हातातला तांब्या थांबला.

"कोण बायना?"

"आं?"

"तिथं मशीनवर कामाला हाय का ती? गणवेशवाली? बोला की!"

"आईची आन, मी असलं नाव ऐकलं सुदिक न्हाई!"

त्याचं तोंड खरंच गोंधळलेलं होतं. पण वनमालानं दोन दिवस चूल पेटवली नाही. ती बाई कशी असेल, उंच असेल, गोरी असेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

तो परत गेला आणि तिकडं चौकशी लागली. त्यानं घाबरून फोन केला. पुतळीची तक्रार आली होती. तेलगावच्या जानकीबाई म्हणून कुणी होत्या. ठेकेदार एकेकाला बोलावून विचारत होता.

वनमालानं रात्र काढली आणि सकाळची एसटी धरली. वस्तू परत केली की चौकशी मिटेल, नवऱ्याची नोकरी राहील आणि घरातलं ते दुसरं पाऊलही जाईल...

तेलगावात जानकीबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. वनमालानं गळ्यातली पुतळी पदराबाहेर काढली.

जानकीबाई भिंतीला टेकल्या.

"गळ्यात घातलीस? घास ठिवलास का आधी तिला?"

"कुणाला?"

"माझ्या सवतीला. मालकाची पहिली बायको, बाळंतपणात गेली. मी दुसरेपणाची. आमच्यात दुसरीनं पहिलीची पुतळी गळ्यात घालायची असती. घास आधी तिला, नवं लुगडं आधी तिला. न्हाईतर ती संसार मागती."

"नाव काय तिचं?"

"बायनाबाई."

चहा उतू गेला. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.

"घ्या माघारी," वनमाला रडत म्हणाली. "पाया पडते."

"तक्रार मालकानं केलती. मी आज काढून घेते. पण पुतळी न्हाई घेणार. वीस वर्सांनी माझा नवरा मला माझ्या नावानं हाक मारतोय, बाई."

"मी काय करू मग?"

जानकीबाईंनी चहाचं भांडं खाली उतरवलं. मग खाली बघून म्हणाल्या, "ज्या हातानं उचलली, त्या हातानं आणावी. चारचौघांत म्हणावं, मी चोरली. मग मला न्हाई म्हणता येणार न्हाई."

वनमाला तेलगावच्या स्टँडवर आली. ऊन डोक्यावर होतं. तिनं अंगदला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"कबूल करा. नोकरी जाऊ द्या. आपण दोघं कोयता घिऊ. साखराबाईवानी राहू. मी कंदी काही मागणार न्हाई."

पलीकडं मशीनवर ट्रे सरकत होते...

मग अंगद हसला. अगदी मोकळं, हलकं.

"काय गं तू. आत्ता तर म्हणलीस, काही कबूल करू नका, ऱ्हाऊ द्या पुतळी माझ्याकडं!"

फोनमध्ये त्याच्या मागं कुठंतरी फरशी वाजली. टक... टक...

आज अंगद त्याच नोकरीवर आहे. चौकशी मिटली. वनमाला ताटातला पहिला घास बाजूला काढून ठेवते आणि नवी साडी आली की आधी खुंटीला टांगते. साखराबाई आता गंठण पदराखाली झाकून येते आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही.

अंगद सांगतो, तो रोज दुपारी बारा वाजता घरी फोन करतो आणि बायको लई गोड बोलते.

वनमाला त्या वेळी फोन समोर ठेवून बसलेली असते.

तो वाजत नाही.