ड्रॉइंगची खालची ओळ

मान पार खांद्यावर टेकवून, एक डोळा मिटून तो तरुण ड्रिलिंग मशीनवरच्या स्क्रीनकडे बघत होता. एस्तेरला हसू आवरेना.

"मान अवघडेल," ती म्हणाली. "ड्रॉइंग फिरवायला बटण आहे तिथं."

"ते बटण मीच बनवलंय," तो दचकून सरळ झाला. "नीट चालत नाही अशी तक्रार आली, म्हणून आलोय. मी कानिफनाथ."

"म्हणजे गुन्हेगार तुम्हीच! मी एस्तेर. तक्रार माझीच आहे."

नागापूरच्या त्या कारखान्यात पंपाची ओतीव लोखंडी कास्टिंग्ज बनत आणि एस्तेर ती तपासत असे. चार महिन्यांपूर्वी कागदी ड्रॉइंग बंद होऊन मशीनवर स्क्रीन आल्या. ब्राउझर उघडायचा, ड्रॉइंग फिरवायचं, बोटानं सरकवून वाचायचं. आणि गेल्या आठवड्यात ड्रिलिंग मशीन चालवणाऱ्या रंगनाथमामांनी बावीस कास्टिंग्जना भोकं उलट्या बाजूला पाडली... तीस वर्षांत पहिल्यांदा! पुढच्या महिन्यात ते रिटायर होणार होते, अन् मॅनेजरसाहेबांनी निष्काळजीपणाचा मेमो टाईप करून ठेवला होता. शनिवारी तो निघणार होता. एस्तेरला मायक्रोमीटर धरायला मामांनीच शिकवलं होतं. तिचा जीव नुसता तुटत होता.

"म्या काय सांगू," मामा कानिफला म्हणाले, "फिरवलं की येड्यावानी करतंय बघा. उजवीकडं वढलं की वर पळतं."

कानिफनं करून बघितलं. खरंच वर पळालं. "दिशा चुकतेय, मान्य," तो म्हणाला. "पण ड्रॉइंग तर सगळं दिसतंय. मग भोकं उलटी कशी पडतील?"

"ते शोधायलाच बोलावलंय तुम्हाला. चहा प्यायला नाही."

तरी चहा झालाच. गुरुवारी कॅन्टीनमध्ये तिला कळलं, की तो अकोले तालुक्यातला, केडगावात खोली करून राहतो आणि साखर दोन चमचे जास्त घेतो.

"तुम्ही सगळ्यांवरच एवढ्या रागावता?" त्यानं विचारलं.

"हा राग नाही. राग अजून बघितला नाहीत तुम्ही."

"दाखवा की... म्हंजे — सावकाश. मला काय घाई न्हाई."

भान सुटलं की त्याच्या बोलण्यात अकोले उतरायचं. एस्तेर कपात बघत राहिली. चहा संपून बराच वेळ झाला होता.

शुक्रवारी दुपारपर्यंत मात्र काही सापडेना. पत्र्यावर पावसाची भुरभुर चालू होती, आणि कानिफ शंभराव्यांदा तेच ड्रॉइंग फिरवत होता. एस्तेरचा धीर सुटला. तिनं मामांचा चष्मा मागून घेतला आणि सरळ त्याच्या नाकावर चढवला. बोटं त्याच्या कानाला लागली... ती तिनं जरा उशिरानंच काढली.

"आता वाचा," ती हळूच म्हणाली.

"सगळं धूसर दिसतंय."

"मामांना चष्मा लावूनही बारीक अक्षर असंच दिसतं. मग ते काय करतात?"

कानिफनं ड्रॉइंग मोठं केलं. चांगलं चौपट. मग फिरवलं. मग बोटानं सरकवत खालच्या टोकाला जाऊ लागला — आणि ड्रॉइंग टोकाच्या अलीकडेच अडलं. पुन्हा सरकवलं. पुन्हा तिथंच. चष्मा काढून, ड्रॉइंग लहान करून त्यानं ती खालची ओळ मोठ्यानं वाचली: 'आकृती खालून पाहिल्याप्रमाणे.'

"अशी वळ हुती व्हय?" मामा स्क्रीनवर वाकले. "म्या तर वरनं बघितल्यागत भोकं पाडली."

तेवढ्यात कानिफचा फोन वाजला. त्याच्या साहेबांचा आवाज इतका चढलेला, की एस्तेरला शब्दन्‌शब्द ऐकू आला. "वापरणाऱ्याची चूक, एवढंच लिही. नाहीतर सोमवारी ऑफिसला येऊ नकोस."

त्यानं फोन खिशात टाकला. एस्तेरच्या ओठांवर खूप काही आलं होतं, पण नोकरी त्याची होती. निर्णयही त्याचाच होता. तो उभ्याउभ्याच टाईप करत राहिला आणि मग लॅपटॉप त्यानं तिच्याकडे वळवला.

'ड्रॉइंग मोठं करून फिरवल्यास शेवटची ओळ स्क्रीनवर येत नाही. दोष आमचा आहे. ऑपरेटरची चूक नाही.' खाली त्याचं नाव होतं. तिच्यादेखतच त्यानं तो अहवाल त्याच्या आणि कारखान्याच्या, दोन्ही ऑफिसांना पाठवून दिला.

मेमो फाडला गेला. मामांनी कानिफच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत मशीनकडे गेले.

संध्याकाळी गेटपाशी एस्तेरनं विचारलं, "आता काय करणार?"

"जातो अकोल्याला. भाताची लावणी चाललीय घरी." तो हसला, पण ओढूनताणून. "मग बघू... मिळेल दुसरीकडं कुठंतरी."

हा खरंच जाईल, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिला तो हवा होता. इतकं स्पष्ट तिला आजवर काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

"लगेच जाऊ नका," ती म्हणाली. "रविवारी आमच्याकडे जेवायला या. आई-बाबांशी ओळख करून देते."

"काय म्हणून? नोकरी गेलेला सॉफ्टवेअरवाला म्हणून?"

"नाही..." तिनं श्वास घेतला. "मला आवडलेला माणूस म्हणून."

"कितीला येऊ?" तो कसाबसा म्हणाला.

"एक वाजता. अकराला आम्ही चर्चमध्ये असतो. तिथं आलात तर... सगळे बघतील तुम्हाला माझ्याबरोबर."

"बघू द्या," तो म्हणाला. "मी अकरालाच येतो."