लसीनंतरची यादी

चातुर्मासात देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. त्या सकाळी मात्र कोथरूडच्या मेडिकलमध्ये जावंच लागलं. आदल्या दिवशी आप्पांनी फ्लूची लस घेतली होती आणि ती ‘अंगी लागावी’ म्हणून शेजारच्या कुसुममावशींनी यादी दिली होती — व्हिटॅमिन सी, झिंक, कॅल्शियम, प्रोटीन पावडर. मी यादी काउंटरवर ठेवली. खाली लिहिलं, ‘माझं मौन आहे.’

काउंटरमागच्या तरुणानं ते वाचलं, पेन उचललं आणि... त्यानंही लिहिलं! ‘कुणासाठी?’

‘वडिलांसाठी. वय बहात्तर. मला ऐकू येतं हो!’

‘माहीत आहे. पण तुम्ही गप्प, नि मी एकटाच बडबडायचं?’

मालक भीमराव खाकरले. “सौमित्र, हे औषधाचं दुकान आहे. पोस्ट ऑफिस नाही.”

त्याचे कान लाल झाले, पेन मात्र थांबलं नाही. ‘आणखी काही औषध चालू?’

‘थायरॉइडची गोळी. सकाळी.’

त्यानं आधी कॅल्शियमवर काट मारली, मग बाकी सगळ्यावरच. ‘कॅल्शियम त्या गोळीसोबत नको. बाकीचंही कमतरता असेल तरच, डॉक्टरांना विचारून. लस तिचं काम करतेय. वरणभात, ताक, झोप — एवढं सांभाळा.’

मी रिकाम्या हातानं भुरभुर पावसात घरी आले. असा निर्लोभ माणूस कीर्तनात ऐकला होता. काउंटरमागे पहिल्यांदाच पाहिला.

मग निमित्तं सापडत गेली. कधी कापूस, कधी आप्पांच्या गोळ्या... दुपारी जायचे.

“पूर्णिमाताई, आज आवाज आहे वाटतं!”

“नैवेद्य झाला. आणि ताई नको.”

“बरं... नुसतं पूर्णिमा. काय होता नैवेद्य?”

“शिरा.”

“नुसतं सांगायला आलात?”

दुसऱ्या दिवशी डबा नेला. त्यानं आधी तो डोळ्यांना लावला, मग उघडला. मी बघतच राहिले.

शुक्रवारी भीमराव म्हणाले, “उद्यापासून हा धायरीला. स्वतःचं दुकान टाकतोय. तिथंही गिऱ्हाइकं परतच पाठवणार, दुसरं काय!”

आजवर जे मागितलं ते देवाकडेच, तेही मनातल्या मनात. माणसाकडे कसं मागायचं?

सौमित्र खोकी लावत होता. मान वर न करता म्हणाला, “आप्पांच्या गोळ्या... इथूनच घ्याल ना?”

“घेईन. पण मला आता गोळ्यांचं निमित्त नको. तुम्ही... रविवारी घरी या. आप्पांशी बोला. माझ्याबद्दल.”

त्याच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. भीमराव चक्क पाठ फिरवून पेपर वाचू लागले.

सौमित्रनं काउंटरची फळी उचलली आणि पहिल्यांदाच बाहेर, माझ्या बाजूला आला.

“आईलाही आणू?”

“आणा,” मी म्हटलं. “जेवायलाच या.”