काचेवरची यादी

सोमवारी पहिल्या तासाआधीच मॉनिटर धापा टाकत शिक्षकखोलीत आला.

"सर, मिशाळराव गायब!"

विज्ञानाचे सर चहा तसाच ठेवून उठले. प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत सहा मासे होते. आज पाचच दिसत होते. बोटभर लांबीचा, मिशीवाला, दिवसभर लपून बसणारा मिशाळराव कुठेच नव्हता.

टाकीसमोर खारुताई रडवेली उभी होती. पुढचे दोन दात मोठे, म्हणून हे नाव. टाकीचं काम मिळावं म्हणून ती वर्षभर सरांच्या मागे लागली होती. शनिवारी टाकीची सफाई तिने पहिल्यांदाच केली होती.

"हिने झाकण उघडं टाकलं असणार. त्याने मारली उडी," मॉनिटर म्हणाला. "टाकी काढून घ्या हिच्याकडून."

"न्यायाधीशसाहेब, आधी चौकशी तर होऊ द्या." सर शिपाईमामांकडे वळले. "मामा, सकाळी झाकण कसं होतं?"

"घट्ट. खाणं टाकायला मीच उघडलं."

"झाडताना काही सापडलं?"

"एक खोडरबर, अर्धी पेन्सिल. मासा असता तर दिसला नसता का? डोळे शाबूत आहेत माझे!"

सरांनी टाकीतल्या पाण्याची गाळणी उघडली. रिकामी. उरलेले पाचही मासे मिशाळरावापेक्षा लहान. ते त्याला काय गिळणार?

"शनिवारी काय काय केलंस, बाळा? सावकाश सांग."

खारुताईने काचेला चिकटवलेल्या यादीवर बोट ठेवलं. "यात आहे तसंच. एक, सजावट बाहेर काढा. दोन, निथळू द्या. तीन, सोमवारपर्यंत उन्हात वाळवा."

"तेव्हा मिशाळराव दिसला?"

"तो दिवसा कधी दिसतो, सर?"

"मासे मोजलेस?"

"ते यादीत नाहीये."

सर खिडकीकडे वळले. कठड्यावर दोन शिंपले, प्लास्टिकचं झुडूप आणि मातीचं पोकळ दीपगृह वाळत होतं. मुंग्यांची रांग शिंपल्यांना वळसा घालून, झुडूप ओलांडून थेट दीपगृहाच्या इवल्याशा दारात शिरत होती.

सरांनी ते उचललं. आत काहीतरी हलकंसं खुळखुळलं. त्यांनी ते मुलांसमोर उलटं केलं नाही.

"मिशाळराव घाबरला की काय करतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"काटे ताठ करून फटीत रुतून बसतो," खारुताई पुटपुटली. "तुम्हीच शिकवलंत." आणि तिचा चेहरा उतरला.

"हो. दीपगृह वर उचललं, पाणी गळून गेलं, तो मात्र आत रुतलेलाच राहिला. शनिवार दुपारपासून."

"म्हणजे शेवटी हिनेच!" मॉनिटर म्हणाला.

"नाही. तिने लिहिलं होतं तसंच केलं. त्याची सवय पक्की ठाऊक असून 'आधी मासे मोजा' एवढं लिहायला जो विसरला, तो खरा गुन्हेगार. यादीचं अक्षर ओळखतोस?"

मॉनिटरने यादीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेच अक्षर तो रोज फळ्यावरून उतरवून घेत होता.

सरांनी पेन काढून यादीच्या डोक्यावर राहिलेलं वाक्य लिहिलं. "टाकी तुझ्याकडेच राहील, बाळा."

खारुताईने नकारार्थी मान हलवली.

"सर, मी दीपगृहाचं दार उन्हाकडे केलं होतं. आतून लवकर वाळावं म्हणून."

सरांची तीस वर्षं मुलांना समजावून सांगण्यात गेली होती. आता त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.