मोकळ्या जागेतलं नाव

रविवारी दुपारी राहिलेली एक कॅसेट संपवायला मी ऑफिसात गेले. नाहीतरी खोलीवर बसून काय करणार? भंडाऱ्याहून पुण्यात आल्यापासून मी कॉट बेसिसवर राहत होते. मालकीणबाई मला ‘खिडकीजवळची कॉट’ म्हणायच्या, ऑफिसात मला नंबर होता. दीक्षा हे नाव फक्त आईच्या तोंडी असायचं, आणि आईही गेली होती.

तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्याच उगवत होत्या. आमची खडकीतल्या एका जुन्या बंगल्यात होती. विलायतेतले डॉक्टर कॅसेटवर बोलायचे, आम्ही ऐकून टाइप करायचो. पायाखालचं पेडल दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद.

ही कॅसेट मात्र वेगळी होती. एक म्हातारा आपल्या पणजोबांचं चरित्र सांगत होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले सर्जन पेलहॅम. लंडनला शिकले, पलटणीबरोबर खडकीला आले. रक्तानं कडक झालेला कोट ते कधी धुवायचे नाहीत. जुन्या सर्जनांना त्याचाच अभिमान असे. बायको इथंच वारली, मग एकटेच राहिले. क्लोरोफॉर्म देताना ते रोग्याला पुन्हा पुन्हा नाव विचारत. उत्तर थांबलं की सुरी लावत. मग उशाशी बसून, तो शुद्धीवर येईपर्यंत, त्याच नावानं हाका मारत.

मला त्या रोग्यांचा चक्क हेवा वाटला.

शेवटची रोगी एक तरुण मुलगी होती. नात्यागोत्याचं कुणी नाही. ती उठलीच नाही. पेलहॅम मरेपर्यंत रिकाम्या बंगल्यात तिला हाका मारत राहिले, आणि तिचं नाव... तिथं कॅसेट नुसती खरखरली.

ऐकू आलं नाही तर जागा मोकळी सोडायची, मनाचं घालायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला धडा. पण आमचे दिग्विजय सर आदल्याच दिवशी म्हणाले होते, “एवढ्या मोकळ्या जागा? आपण प्लॉट विकतो का?” ते आठवून मला हसू आलं. बघायला कोण होतं? त्या जागेत मी ‘दीक्षा’ टाइप केलं.

खरखर थांबली.

“डीक्शा...”

घोगरा, दमलेला आवाज. मी पाय उचलला. कॅसेट थांबली. आवाज थांबला नाही.

“डीक्शा...”

खोलीत कसलासा गोडसर, डोकं जड करणारा वास भरला. खरं सांगते, भीतीच्या आधी मला रडू आलं. किती दिवसांनी कुणीतरी मला नावानं हाक मारत होतं! अनोळखी हाकेला ओ देऊ नये, असं आई बजावायची. मी ओ दिली.

मग मात्र पळाले. नोकरी सोडली, खडकी सोडली. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

आज वॉर्डात पडून आहे. उद्या सकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन. भुलीतून उठवणाऱ्या पहिल्या हाकेकडेच माणूस जात असेल, असं मनानं घेतलंय. ती हाक जिवंत माणसाची हवी. माझं तर कुणीच नाही. शेवटी शेजारच्या कॉटवरच्या कांताबाईंना विचारलं. त्या मुळशीकडच्या. मोसंबी सोलत बसल्या होत्या.

“मावशी, उद्या मला बाहेर आणलं की नावानं हाक माराल? दुसऱ्या कुणी मारायच्या आत... जोरात?”

“मारीन की. त्यात काय एवढं?” त्यांनी एक फोड माझ्यापुढं केली. “पर तुला कशापायी घोर? मघाशी तुजा डोळा लागला व्हता, तवा त्यो म्हातारा गोरा डाक्टर आलता. मोडक्या हिंदीत तुजं नाव इचारत व्हता. म्या सांगितलं.”

“काय... काय म्हणाला?”

“काय न्हाई. तुज्या उशाशी बसून व्हता लई येळ. माया हाय बग त्येला.” मग नाक मुरडून त्या म्हणाल्या, “कोट तेवढा धुवाया पायजे त्येचा. पार कडक झालाय.”