संघदीपच्या नावाची चढाई

"आयकार्ड दाखव, मंगच आत."

पौर्णिमाने मैदानाच्या फाटकाचा बांबू आडवा धरला आणि समोरचा उंचापुरा पोरगा हसला. ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन, दंडावर वाळलेली माती... आणि हे असलं हसणं!

"सारं कॉलेज ओळखते मले. तू नाई ओळखत?"

"प्राचार्यांनी तुह्या चेहऱ्यावर शिक्का नाई मारला."

"मंग तूच मारून दे..."

बाई गं, काय हा आगाऊपणा! पौर्णिमाचे कान तापले, पण बांबू काही हलला नाही. सिंदी रेल्वेची ही पोरगी कॉलेजच्या क्रीडा विभागाची विद्यार्थी सचिव. कोण नियमात बसतं, कोण नाही, हे पाहणं तिचं काम, आणि त्यात ती सख्ख्या मैत्रिणीचीही भीड ठेवत नसे. हजेरी कमी भरली म्हणून तिने काजलला खो-खोच्या संघातून काढायला लावलं होतं. काजल तेव्हापासून बोलत नव्हती.

तो पोरगा, रत्नदीप, मुकाट्याने कार्ड घेऊन आला. ते देताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ तिच्या बोटांजवळ रेंगाळली. पुढे तो रोज कार्ड दाखवायचा, न मागता, अगदी कँटीनमध्येसुद्धा.

"आता काऊन?"

"तू विसरून गेली असशील तर..."

विसरते कसली! दिवाळीपर्यंत तिला त्याच्या पावलांचा आवाजसुद्धा ओळखू यायला लागला होता.

रत्नदीप हिंगणीचा, कबड्डीत चढाई करणारा. वयाची मर्यादा संपत आली होती, म्हणजे विद्यापीठाच्या संघात जायची ही शेवटची संधी. निवड व्हायची ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आर्वीतल्या अंतिम सामन्यातून.

त्याआधी, जानेवारीत, तो तिला आपल्या गावी घेऊन गेला. त्याचा थोरला भाऊ संघदीप बोर धरणात बुडाला होता. त्याच्या स्मरणार्थ हिंगणीला दरसाल कबड्डीचे सामने होत. रीत अशी, की पहिली चढाई गेलेल्याच्या घरच्या माणसाने करायची. समोरचे सगळे हात जोडून उभे राहतात, कोणी पकडत नाही. दरवर्षी बाप जायचा, पण यंदा लकव्याने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं. म्हणून रत्नदीप गेला, गावच्या संघाची जर्सी घालून. 'कबड्डी, कबड्डी' म्हणता म्हणता मध्येच त्याचा दम तुटला... आणि तो तिथेच गुडघ्यावर बसून हुंदके देऊ लागला.

पौर्णिमा ओढणीने डोळे पुसत होती. हंगाम चालू असताना परवानगीवाचून दुसऱ्या संघाकडून मैदानात उतरला की खेळाडू बाद, हा नियम तिनेच पोरांकडून घोकून घेतला होता. आणि नेमकी तीच विसरली! एक अर्ज दिला असता तर कोच धनंजय सरांनी लगेच सही केली असती. पण दुखवट्याला परवानगी मागायची असते, हे सुचावं तरी कोणाला?

अंतिम सामन्याच्या दिवशी आर्वीला समोरच्या कॉलेजने रत्नदीप हिंगणीत खेळल्याची तक्रार केली. स्पर्धेच्या समितीने पौर्णिमाला बोलावलं. रत्नदीप दाराशी उभा होता.

"तुम्ही तिथे होतात. तुमचा शब्द आम्ही मानतो. हा खेळला का?"

पौर्णिमाने दाराकडे एकदा पाहिलं.

"नाही सर. आम्ही नुसते पाहायला गेलो होतो."

इतकं सोपं निघालं खोटं बोलणं! आपला जीव या माणसात किती गुंतलाय, ते तिला त्या क्षणी कळलं.

"खेळलो, सर." मागून आवाज आला. "पहिली चढाई मीच केली. माह्या दादाच्या नावाची."

झालं! रत्नदीप बाद, पौर्णिमाचं सचिवपद गेलं, आणि संघ वाईट रीतीने हरला. काजल जवळून जाताना थांबली. "माह्या वक्ताले नियम होता न, पौर्णिमा?"

एसटी डेपोत रत्नदीप शेजारी येऊन बसला.

"काऊन बोलला तू?" तिचा आवाज फाटला. "मी तुह्यासाठी खोटं बोलली... अन् तू मले साऱ्यांपुढं खोटी पाडलं."

"बाबानं पडल्या पडल्या इचारलं होतं, चढाई झाली का म्हणून. मी हो म्हटलं." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "तू 'नाही' म्हटलं, अन् मले वाटलं, दादासाठी यंदा कोणी उतरलंच नाई."

"अन् माह्यासाठी?"

"जीव लावला हाय तुले, पौर्णिमा. खरंच."

वर्ध्याची गाडी फलाटाला लागली.

"मंग सांग... पुन्हा इचारलं तर काय म्हणशील?"

त्याचे डोळे भरून आले. "खेळलो, असंच म्हणीन."

"अन् मी पुन्हा 'नाई खेळला' असंच म्हणीन," ती म्हणाली, आणि एकटीच गाडीत चढली.