‘भ’ गटाच्या कोंबड्या

पावसाचा टिपूस नाही, पौषातलं कोवळं ऊन पडलेलं, आणि आमच्या अंगणात एक उंच, किडकिडीत माणूस काळी छत्री घेऊन उकिडवा बसलेला… मी मावशीकडे नागऱ्याला आठ दिवस राहून नुकतीच घरी आले होते, पिशवीही अजून खांद्यावरच होती. बघते तर काय — हा बाबा हळूच उठला, दाणे टिपणाऱ्या माझ्या कोंबड्यांजवळ गेला आणि त्यानं फट्कन छत्री उघडली! सहाच्या सहा कोंबड्या कोकलत चहूकडे पळाल्या. हा मात्र घड्याळ बघून शांतपणे वहीत काहीतरी लिहू लागला.

मी खराटा उचलला.

"कोन होय तू? माया कोंबड्याइले काऊन भेव दाखवून राहिला?"

तो असा दचकला की छत्री हातातून सुटली. "चुन्नीलालजीनं परवानगी देली जी… मी खुमेंद्र पटले. केशोरीचा. नागपूरले जनावराच्या डॉक्टरीचं शिकून राहिलो."

"चुन्नीलालजी माया बाबूजी. पन कोंबड्या त्यायच्या नाहीत. धान त्यायचं, कोंबड्या माया."

"मंग तुमी द्या परवानगी." त्यानं एकदा खराट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "फक्त… तो खाली ठेवून देली तं बरं होईल."

मला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी तरातरा घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं समजावून सांगितलं. कोंबडी घाबरली की तिच्या रक्तात भीतीची संप्रेरकं वाढतात. ती अंड्याच्या पिवळ्या बलकात उतरतात, आणि पिल्लू जन्मतःच भित्रं निघतं, असा त्याच्या सरांचा अंदाज होता. म्हणून माझ्या सहा कोंबड्या भीतीच्या, त्यांच्या अंड्यांवर पेन्सिलीनं ‘भ’. गल्लीपलीकडच्या शामकलाकाकूंच्या सहा कोंबड्या शांततेच्या, त्यांच्या अंड्यांवर ‘श’. सगळी अंडी काकूंकडच्याच खुडूक कोंबड्यांखाली उबवायची. माझ्या कोंबड्यांना मात्र रोज सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता छत्री.

"असं पिल्लू मोठं झाल्यावरबी तसंच राहते," तो डोळे मोठे करून सांगत होता. "कोंबडा असला तं कोंबडीजवळ जायलेबी भेते. बोलाचं… म्हनजे, आरवाचं असते, पन हिंमत होत नाही."

"तुमच्या मायले कोनी छत्री दाखवली होती काय?"

मी चेष्टा केली होती. पण त्यानं खरंच विचार केला.

"छत्री नाही. अस्वल," तो म्हणाला. "मी पोटात होतो तवा मायले मोहाच्या झाडाखाली अस्वल दिसलं होतं."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? पण कोंबड्यांची दया यायचीच. पहिल्या दिवशी त्यातली तांबडी कोंबडी थरथरत कोपऱ्यात बसली ते मला बघवेना. तो वहीत मान घालून लिहीत होता. मी भाताच्या तणसाच्या ढिगामागे गेले, पदरातली मूठभर कणी टाकली आणि हळूच "ती-ती-ती" केलं. कोंबड्या आल्या, खाऊन शांत झाल्या. मग दुपारीही तेच केलं, आणि संध्याकाळीही. आठवडाभरात छत्रीचा फट् आवाज आला की सहाजणी जिवाच्या आकांतानं तणसामागे धावू लागल्या. खुमेंद्र लिहायचा — "तीव्र भीती. सर्व पळाल्या." पंधराव्या दिवशी तर त्यानं छत्री नुसती काखेतून काढली आणि अंगण रिकामं झालं. तो खूश! मी तणसामागे पदर तोंडात धरून हसत होते.

खरं सांगू? तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तो आठ वाजता येणार म्हणून मी साडेसातला वेणी घालायला लागले होते. पाचची छत्री झाली की चहा व्हायचा, आणि चहाबरोबर गप्पा… त्या गप्पांना सहा कधी वाजायचे, कळायचं नाही.

मग दोन्ही गटांची अंडी उबवायला ठेवली, आणि एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली. चौथ्या दिवशी काकूंच्या घरात परीक्षा. पिल्लू टोपलीत उताणं ठेवायचं, त्यावर क्षणभर हात धरायचा, मग हात काढून सेकंद मोजायचे. भित्रं पिल्लू कितीतरी वेळ तसंच पडून राहतं, धीट पिल्लू चटकन उठतं. मी पिल्लं धरायची, तो मोजायचा. एकदा त्याचा हात माझ्या हातावर आला… पिल्लू उठलं, टोपलीतून उडी मारून चुलीपर्यंत गेलं, तरी त्याचं मोजणं सुरू झालं नव्हतं.

"किती सेकंद?" मी विचारलं.

"हे… हे पिल्लू आपन सोडून देऊ," तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

निकाल मात्र उलटाच लागला. ‘श’ची पिल्लं पाऊण मिनिट पडून राहायची. ‘भ’ची दहा-बारा सेकंदांत टुणकन उभी! खुमेंद्र तर वेडा व्हायचा बाकी होता. भीतीनं धीट पिल्लं निघतात, हे कोणीच सांगितलेलं नाही, असं सर म्हणाले म्हणे. पुढच्या महिन्यात हैदराबादला मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर तो हे वाचणार होता. नवा शर्टही घेतला होता.

सांगितलं तर तो माझ्याशी कायमचा संबंध तोडेल, आणि नाही सांगितलं तर आज ना उद्या जग त्याला हसेल. दोन दिवस मी चहात साखर घालायलाही विसरले. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.

"त्या भेऊन पळत नोहत्या," मी म्हटलं. "मी तनसामांगं कनी टाकत होती."

"रोज?"

"रोज. तिन्ही टाईम."

त्यानं वहीची पानं चाळली. "मी लिवलं… भीती वाढून राहिली."

"भीती नाही जी. भूक वाढून राहिली होती."

तो हसला नाही. त्यानं वही मिटली. "मायं शिक्षनाचं अख्खं साल गेलं, सोनिका," तो म्हणाला. मग मान वर करून, "आता कायले सांगतलं? कोनाले समजलं नसतं."

"तुमाले कोनी हसलं असतं तं… मले पायवलं नसतं."

तो उठला आणि चहा न घेताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी आठ वाजले, एक वाजला, पाच वाजले. तो आला नाही. मी घड्याळाकडे बघत बसले आणि मला कळून चुकलं की माझा त्याच्यावर जीव जडलाय, आणि मी स्वतःच्या हातानं त्याला घालवलंय.

पाचव्या दिवशी दुपारी घरापुढच्या छपरीतून आवाज आला. मी दाराआडून पाहिलं. बाबूजी खाटेवर बसले होते आणि खुमेंद्र समोर हात बांधून उभा होता.

"सराले सगडं खरं सांगतलं जी. लई बोलले. मंग म्हनले, पुना पयलेपासून कर."

"मंग दुसऱ्या गावात कर बापू," बाबूजी म्हणाले. पोरीच्या प्रतापानं ते बिचारे शरमले होते. "माया पोरीनं तुमचं एक साल बुडवलं. इथं ऱ्हायले तं दुसरंबी बुडवन."

"बुडवू द्या जी."

"आँ?"

"दुसरंबी बुडवू द्या… तिसरंबी. पुढचे सगडेच साल तिनं बुडवले तरी मले चालन." त्याचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. "मी कोंबड्या मांगाले नाही आलो, चुन्नीलालजी. सोनिकाले मांगाले आलो. केशोरीहून माया बाबूजी परवा येऊन राहिले, पन पयले मीच सांगाव म्हटलं."

बाबूजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली.

"सोनिका! भायेर ये. आयकलं न सगडं? तुयं काय म्हननं हाये?"

मी बाहेर आले. ठरवलेलं एकही वाक्य आठवेना.

"मी चार दिवस जेवली नाही, बाबूजी," मी म्हटलं, आणि रडू कोसळलं.

"अवो माय!" आतून माझी आई, रामबाई, ओरडली. "मले सांगे, पोट दुखते! आन् मी तिले चार दिवसापासून ओवा खाऊ घालून राहिली!"

बाबूजी खो-खो हसत सुटले. खुमेंद्र हसावं की नाही या विचारात माझ्याकडे बघत होता. मी डोळे पुसत मान हलवली, तेव्हा कुठे तो हसला… आणि किती छान हसला!

"ओवा ठेव तिकडं," बाबूजी आईला म्हणाले. "जेवाले वाढ. दोघाइलेबी."

त्या दुपारी मी तीनदा भात घेतला.