वाऱ्याकडे तोंड करून

कारवंडीच्या बायका पापड वाळत घालण्याआधी आता आभाळाकडे बघत नसत. धक्क्यावरच्या पडद्याकडे बघत. तिथे वारा दिसे. जलाशयाभोवती बसवलेली वायुदर्शी यंत्रं हवेतल्या धुळीवर प्रकाशकिरण सोडत आणि परतलेल्या किरणांवरून वाऱ्याचा वेग ओळखत. संथ वारा निळा, झोत भगवा.

त्या दुपारी सगळा पडदा भगवा होता.

"हौसाक्का, आज उपास घडतोय तुला," चहावाला दत्तू म्हणाला. लेक पाण्यावर उतरणारं विमान चालवू लागल्यापासून हौसाबाईंचा नेम होता: विमानाचा दोर धक्क्याला बांधल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

"येईल ती," हौसाबाई हळूच म्हणाल्या.

यायलाच हवं होतं. धक्क्यावरच वाट बघत उभ्या असलेल्या सोपानच्या बायकोला गवत कापताना घोणस चावली होती. दरड कोसळून रस्ता बंद. विषावरची लस विमानात होती, आणि शेडमध्ये तिच्या उशाशी सलाईन धरून बसलेली नर्स सारखी बाहेर डोकावत होती.

दत्तूच्या रेडिओवर विमानातले दोन आवाज ऐकू येत: हौसाबाईंच्या लेकीचा, स्वरूपाचा, आणि विमानातल्या संगणकाचा, सारथीचा.

"वारा मर्यादेबाहेर. परत फिरा."

"एकदा बघते."

विमान धक्क्यावरून पुढे गेलं, वाऱ्याला सामोरं होत खाली आलं. चाकांच्या जागी बसवलेल्या तरंड्यांनी पाणी शिवलं तोच झोत एका पंखाखाली शिरला. विमान कलंडलं. दुसऱ्या पंखाचं टोक पाण्याला लागणार, तेवढ्यात इंजिन गरजलं आणि ते पुन्हा वर गेलं.

सोपानने डोळे मिटून घेतले. हौसाबाईंनी मिटले नाहीत. ओठ मात्र हलत होते.

"परत फिरा," सारथी म्हणाला.

"माझ्या पडद्यावर दोन झोतांमध्ये निळी पट्टी सरकतेय. तिच्यात उतरते."

या खेपेला ती उतरली. पण धक्क्यापासून बरीच लांब.

"धक्क्याकडे वळू नका. वळताना वारा पंख उचलेल, विमान उलटेल. पुन्हा उड्डाण करा."

"वळतंय कोण?" स्वरूपा म्हणाली आणि इंजिन बंद केलं.

विमान आपोआप वाऱ्याकडे तोंड करून राहिलं. मग वाराच त्याला मागे ढकलू लागला. शेपटीचं सुकाणू थोडं इकडे, थोडं तिकडे करत स्वरूपा ते उलटं, शेपटीकडून, धक्क्याकडे आणू लागली.

"आरं, बापावर गेलीय!" दत्तू ओरडला. "वादळात नाव अशीच आणायचा की तो!"

हौसाबाई ताठ उभ्या होत्या. दोर त्यांनी स्वतः झेलला, स्वतः बांधला. लस घेऊन नर्स शेडकडे धावली.

संध्याकाळी सोपानची बायको धोक्याबाहेर असल्याचं कळलं. मायलेकी धक्क्यावरच भाकरी खायला बसल्या.

"सारथी आजची रीत शिकला," स्वरूपा म्हणाली. "पुढच्या वर्षी तो एकटाच लस आणेल. आत कुणीच नसणार. मग तुझा नेम सुटला, आई."

"का म्हणून? कुनाचा तरी जीव टांगलेला असंलच की." हौसाबाईंनी अजून चतकोर भाकरी तिच्या ताटात वाढली आणि पाण्याकडे बघत राहिल्या. "उलटं यायला शिकला, ते बरं झालं. पन 'परत फिरा' म्हटल्यावर परत न फिरनं, ते बी शिकला का गं त्यो?"